लांब्याची टाच

आमचे हे ठार बहिरे आहेत आणि एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतात. म्हणजे परवापरवापर्यंत वाजवत होते. कुणाला सांगितलं तर आधी हसू येतं. मला त्याचा राग येत नाही, कारण मला कळलं तेव्हा मीही आधी हसलेच होते. मग आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बँडचं आता कुणाला फारसं आठवत नाही. एके काळी मात्र लोकांनी ह्यांना डोक्यावर घेतलं होतं, आणि तेही एका गाण्यासाठी. गाण्याचं नाव काही वेगळंच आहे, पण पहिल्याच ओळीत पूल येतो म्हणून आम्ही त्याला ‘पुलावरचं’ म्हणतो. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, शाळेच्या भिंतीपलीकडे, जिथे जाल तिथे ते वाजत असायचं. त्यानंतर ह्यांनी पुष्कळ गाणी केली, पण तसं काही परत जमलं नाही. एका गाण्यावर चार माणसं अख्खं आयुष्य काढू शकतात, हे मला लग्न झाल्यावर कळलं.

चौघांपैकी गाणारे ते राजे. हे नाव मीच ठेवलं. गाडीत सगळ्यांत शेवटी येणार आणि पुढच्या सीटवर बसणार, त्याला दुसरं काय म्हणायचं? गिटारवाले मास्तर, कारण ते एरवी शाळेत संगीत शिकवायचे. आणि बेस वाजवणारा लांब्या. इतका उंच की आमच्या घरात येताना दर वेळी चौकटीला नमस्कार घालून यायचा. मी त्याला भावोजी म्हणायचे. ह्यांचा सख्खा भाऊ नव्हता तो, पण सख्ख्या भावाने काय वेगळं केलं असतं कोण जाणे. पाचवा एक कीबोर्डवाला होता. त्याची बोटं आखडायला लागली, तशी त्याच्या जागी एक कॉम्प्युटर आला. त्याला हे फोनवरून कळवलं. तो बिचारा कोट घालून फाटकापाशी गाडीची वाट बघत उभा होता.

ते कोट माझे. म्हणजे मी शिवलेले. मी शिवणकाम करते, अजूनही करते. काळं कापड, चकचकीत कॉलर, आत लाल अस्तर. पुलावरचं गाजलं त्या वर्षी शिवले आणि हुशारी करून शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली. पुढे दर दोन-तीन वर्षांनी एकेक जण कोट काखेत मारून यायचा. “वहिनी, जरा सैल करा.” मी उसवायची, थोडी माया सोडायची, परत शिवायची. राजांच्या कोटाची माया सगळ्यांत आधी संपली. “आता माया उरली नाही हो,” असं मी म्हटलं की चौघं खो खो हसायचे. दर वेळी तेच बोलणं आणि दर वेळी तेच हसणं.

आमचे हे दिवसा फ्रिजच्या कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा सरकवायचा, प्रेस खाली यायचा, दरवाजा तयार. अख्खा दिवस धाड धाड. कानात घालायला कंपनीने बोंडं दिली होती, ती हे खिशात ठेवायचे, कारण म्हणे प्रेसच्या ठेक्यावर नवीन काहीतरी सुचतं. तिथून सुटले की तालमीला, तिथेही धाड धाड. कानांनी किती दिवस दम धरायचा? निवृत्त झाले तोवर कान अर्धे गेले होते. उरलेले हळूहळू गेले, इतके हळू की घरात कुणाला चाहूल लागली नाही. हे सगळ्याला “हो हो” म्हणायला लागले आणि मला वाटलं, म्हातारपणी स्वभाव सुधारला. एके दिवशी मी म्हटलं, “अहो, गॅस गळतोय वाटतं.” हे म्हणाले, “हो हो, छान आहे.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कानाचं यंत्र आणलं. घरात लावायचे. बँडमध्ये नाही, कारण ड्रमच्या आवाजात ते यंत्र कुईं करून ओरडतं. शिवाय ते दिसलं असतं. बुकिंगचं सगळं आता राजांचा भाचा बघायचा. पोरगा वाईट नाही, पण त्याच्या मते कुठल्याही माणसाला मशीन हा उपाय. कीबोर्डवाल्याचं त्यानेच केलं होतं. “मला ऐकू येत नाही हे त्याला कळलं की माझ्या जागी डबा येईल,” हे म्हणाले. “तू कुणाजवळ बोलायचं नाहीस.”

मी म्हटलं, “अहो, मग सोडा ना आता. मानाने सोडा.”

“सोडून काय करू? घरात बसून तुझी मशीन ऐकू? ती तरी कुठे ऐकू येते?”



तेव्हापासून मी दौऱ्यावर जायला लागले. निमित्त ह्यांच्या गोळ्यांचं. काम म्हणून टी-शर्टांचं टेबल माझ्याकडे आलं. दौरा म्हणजे काय, तर एक भाड्याची गाडी, मागे ड्रमची खोकी, आणि मधे चार म्हातारे कुरकुरताहेत. कार्यक्रम सगळे दुपारचे, कारण ऐकणाऱ्यांनाही आता लवकर झोपायचं असतं. गाड्यांचं प्रदर्शन, निवृत्तांचा मेळावा, एखाद्या दुकानाचं उद्घाटन. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यात आमच्याच वयाचे लोक. राजे त्यांना विचारायचे, “आठवतंय का?” आणि ते “हो” म्हणून ओरडायचे. मला ते प्रत्येक वेळी नको व्हायचं.

माझ्या मनात एकच प्रश्न: ह्यांना ऐकू येत नाही, तर हे वाजवतात कसे? आणि वाजवायचे, बरं का. चुकत नव्हते.

उत्तर बुटांत होतं. आदल्याच वर्षी ह्यांनी लांब्याला वाढदिवसाला बूट दिले होते. पांढरेफटक. मी घरी चांगलं सुनावलं होतं. माझा वाढदिवस हे हटकून विसरणार, आणि साठी उलटलेल्या त्या उंटाला पांढरे बूट! लांब्यालाही ते आवडले नव्हते, पण मित्राने दिले म्हणून तो निमूट घालायचा. एका मेळाव्यात माझं टेबल नेमकं स्टेजच्या बाजूला लागलं, आणि तिथून मला ह्यांची नजर दिसली. पूर्ण कार्यक्रमभर ती खाली, लांब्याच्या उजव्या पायावर. लांब्याला पहिल्यापासून सवय, वाजवताना उजवी टाच आपटायची. काळ्या पडद्यापुढे, काळ्या फळ्यांवर, ती पांढरी टाच वर जात होती आणि खाली येत होती. हे तिच्याबरोबर वाजवत होते.

घरी आल्यावर मी फक्त म्हटलं, “बूट पांढरे का, ते कळलं.” हे लाजले. लग्न ठरलं तेव्हाही इतके लाजले नव्हते.

पुढे एक वेगळंच सुरू झालं. गाणी संथ व्हायला लागली. पुलावरचं पहिल्यापासून कसं धावतं गाणं. ते चालायला लागलं, मग पाय ओढायला लागलं. राजांचा दम ओळ संपायच्या आत संपायचा. ते चिडायचे. मास्तरांनी एकदा गाडीत मोबाइलवर जुनी रेकॉर्ड लावली आणि कालचं रेकॉर्डिंगही लावलं. भाचा सिग्नलला मागे वळून म्हणाला, “मामा, ठेक्यासाठी मशीन लावू या. बाकी काका आहेतच, हात हलवतील.”

काका म्हणजे आमचे हे. हात हलवतील! हे खिडकीबाहेर बघत होते, ह्यांना ते कळलं नाही, ह्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं. लांब्या भाच्याच्या तोंडाकडे बघत होता, तो मात्र आडवा आला. “मशीन आलं तर मी बेस गाडीतच ठेवीन,” इतकंच म्हणाला. तो कमी बोलायचा, म्हणून त्याचं बोलणं चालायचं. मशीनचा विषय तिथे मिटला.

घरी मी ह्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, “अहो, तुम्ही इतकं हळू का वाजवता?”

“मी कुठे हळू? लांब्याचा गुडघा गेलाय गं. टाच उशिरा पडते त्याची. मी त्याच्यासाठी थांबतो.” आणि म्हणाले, “एकट्याला मागे टाकून कसं जायचं?”

लांब्याचा गुडघा खरंच गेला होता. शेवटी ऑपरेशन ठरलं. मधल्या काळात कार्यक्रम नव्हते, त्यामुळे सगळं ठीक वाटत होतं. ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. हे खाली गाडी लावत होते. पलंग लांब्याला आखूड पडला होता. पायाखाली एक खुर्ची लावली होती, तिच्यावर उशी, तिच्यावर तो पट्ट्यांत गुंडाळलेला पाय. मी म्हटलं, “भावोजी, आता धावायला लागाल.” तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तसं बघणं मला घरातून पाठ होतं. मी मुद्दाम मान फिरवली, खिडकीकडे बघून विचारलं, “चहा घेणार का?”

काही उत्तर नाही. मी परत वळले तर तो हसत होता. पकडला गेल्याचं हसू.

“वहिनी, ह्याला सांगू नका,” तो म्हणाला. “मला दोन वर्षं झाली, काही म्हणजे काही येत नाही कानावर. मी ह्याच्या उजव्या हाताकडे बघून वाजवतो. काडी खाली आली की मी खाली. तो आहे म्हणून माझं चाललंय.”

मी दाराकडे बघितलं, हे अजून आले नव्हते.

“हल्ली हात जड झालाय त्याचा,” तो पुढे म्हणाला. “उशिरा येतो. मी घाई करत नाही. त्याच्यासाठी थांबतो. एकट्याला कसं सोडायचं?”

तेवढ्यात हे आत आले. दोन बहिरे एकमेकांशी मोठमोठ्याने बोलायला लागले, एक हवेबद्दल आणि दुसरा डॉक्टरबद्दल, आणि दोघांचं छान चाललं होतं. मी दाराशी उभी राहून बघत होते. हा त्याच्या टाचेसाठी थांबायचा आणि तो ह्याच्या काडीसाठी. दोन वर्षं त्या गाण्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतंच. मला हसायचं होतं, पण हसू काही आलं नाही.

चार दिवसांनी लांब्या गेला. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती वर सरकली. सकाळी नर्सने चहा ठेवला तेव्हा बरा होता, कप उचलायला आली तेव्हा नव्हता. त्याच्या बायकोने पांढरे बूट ह्यांना परत दिले. “मला काय करायचेत,” ती म्हणाली. ह्यांच्या पायाला ते फार मोठे. हे ते घेऊन कितीतरी वेळ जिन्यात बसून राहिले.

मला वाटलं, आता बँड मिटेल. पण बुकिंग होतं. एका फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन, आणि भाच्याने शब्द दिलेला. मास्तरांची एक जुनी विद्यार्थिनी बेस वाजवायला तयार झाली. चाळिशीची, हसतमुख, हाताने फार चांगली. मी तालमीत आधी तिच्या पायांकडे बघितलं. ती खांबासारखी उभी राहायची. हलायची फक्त बोटं. पायात काळे, मऊ तळव्यांचे बूट.

“अहो, आता तरी सांगू या त्यांना,” मी म्हटलं.

“सांगितलं की झालं. भाचा तिथल्या तिथे डबा लावील.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“गाणं मला पाठ आहे,” हे म्हणाले. “लांब्यासाठी एकदा नीट वाजवू दे. मग बघू.”

दुकानाच्या पार्किंगमध्ये स्टेज घातलं होतं. समोर गिऱ्हाइकं प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यांवर बसलेली, दुकानदाराची हौस ती. सुरुवातीची संथ गाणी मास्तरांनी मान डोलावून डोलावून कशीबशी पार नेली. हे त्यांच्या मानेकडे बघत होते. मग राजांनी विचारलं, “आठवतंय का?” लोक “हो” म्हणाले. लांब्याबद्दल दोन शब्द झाले. मास्तर ह्यांच्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभे राहिले, कारण ह्या गाण्यात काड्यांच्या ठोक्यानंतर पहिले सूर त्यांचे असतात. ह्यांनी खाली पाहिलं. जिथे पांढरी टाच असायची तिथे वायर पडली होती. ह्यांनी डोळे मिटले, काडीवर काडी मारली आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीतच मला कळलं. हे रेकॉर्डमधल्या वेगाने वाजवत होते. तेच धावतं, अंगावर येणारं, न्हाव्याच्या दुकानातलं गाणं. थांबायला आता कुणी नव्हतं.

राजे आधी हसले, शब्दांच्या मागे धावले. दुसऱ्या कडव्याला त्यांचा श्वास तुटला आणि माइक खाली आला. मास्तरांची बोटं अडखळली आणि थांबली. ती नवी बाई शेवटपर्यंत बरोबर होती, तिला जमतही होतं, पण बाकीचे थांबले म्हणून तिनेही तारांवर हात ठेवला. स्टेजवर फक्त ड्रम उरला. हे डोळे मिटून वाजवत होते. चेहऱ्यावर घाम, आणि इतका आनंद की बघवेना. सोफ्यांवर कुणीतरी हसलं. शेजारच्या बाईने त्याला गप्प केलं. भाचा मला हाताने खुणा करत होता, काकू, थांबवा त्यांना.

मी टेबल सोडून वर गेले. ह्यांच्या शेजारी उभी राहिले. खांद्यावर हात ठेवला असता तर हे थांबले असते. मी ठेवला नाही. अजून एक कडवं होतं, ते गाणं मलाही पाठ आहे. मी लोकांकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे त्यांना हे निदान पूर्ण तरी दिसणार नाहीत.

शेवटची झांज वाजली. ह्यांनी ती बोटांनी धरून बंद केली आणि डोळे उघडले. राजे, मास्तर, ती बाई, तिघंही हात खाली सोडून बघत होते. ह्यांनी एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बरोबर होता ना गं वेग?” हे म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज तो, मागच्या सोफ्यापर्यंत गेला.

मी मान हलवली. वेग बरोबर होता.

परतताना गाडीत राजे आपणहून मागे बसले, ह्यांच्या शेजारी. पुढची सीट रिकामीच राहिली.

आठवड्याने भाच्याचा फोन आला. मी उचलला. पोरगा अडखळत बोलत होता, मला त्याला फाडून खावंसं वाटत होतं, पण तो रडतोय हे कळल्यावर मी ऐकून घेतलं. दुसरा ड्रमर मिळाला होता. पोस्टरवर सगळे त्या कोटांमध्येच दिसतात, तेव्हा कोट लागेल. “आणि काकू, तो बारीक आहे हो. जरा आत घ्याल का?”

मी फोन ठेवला आणि ह्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. ओठ कापत होते, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. मी म्हटलं, “मी नाही करणार. कात्री लावीन त्या कोटाला.”

“दे करून,” हे म्हणाले. “कापड चांगलं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट उसवला. आत जुन्या शिवणींच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीच्या आत एक. दर ओळ कुठल्या वर्षाची ते मला सांगता आलं असतं. सगळ्यांत आतली ओळ पहिली, पुलावरचं गाजलं त्या वर्षीची, हे काडीसारखे होते तेव्हाची. नव्या माणसाचं माप नेमकं तिथेच येत होतं. मी पायमशीनवर बसले आणि त्याच भोकांवरून सुई चालवायला लागले.

हे समोर येऊन बसले. कानाचं यंत्र घातलेलं नव्हतं. पेपर मांडीवर होता पण नजर खाली, मशीनच्या पायपट्टीवर, माझ्या पायांवर. जरा वेळाने ह्यांची दोन बोटं टेबलावर हलायला लागली. मी पाय थांबवले. बोटं थांबली. मी पाय परत सुरू केले, बोटं परत सुरू झाली.

शिवण संपली, दोरा तुटला. मी कोट सुईखालून काढून मांडीवर घेतला आणि मशीन तशीच रिकामी चालवत राहिले.